मिठाची मूठ

पैज लागली तेव्हा नामा घरत बर्फाच्या लादीवर बसलेला होता. तीही पैजच होती. "चहा येईपर्यंत लादीवर बसून दाखव, चहा माझा," असं मोरू म्हणाला आणि नामा लेंगा सावरून बसला. मोरू म्हणजे भिंतीला भिंत लागलेला शेजारी. रेवसच्या रस्त्याला त्याचा बर्फाचा गाळा. होडीवाल्यांना बर्फ विकायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चिमटे काढायचे, हे त्याचे दोन धंदे. दुसरा जास्त चालायचा.

समोर नामाची मिनिडोर रिक्षा उभी. आत पाट्या घेऊन बसलेल्या बाया ओरडत होत्या, "नामा, निघतोस का आमीच हाकू?"

"अगो, बूड सुटलं लादीपासून की निघतो!"

दोघांनी पन्नाशी ओलांडली होती. नामाची बायको कोकिळा म्हणायची, ही दोन रोपं आवणातच राहिली, लावणी झालीच न्हाय यांची.

तेवढ्यात प्राप्ती स्कूटीवरून गेली. एरवी ही पुतणी काकाला बघून हॉर्नची माळ लावायची. आज मान वळवली नाही. जेट्टीकडे गेली, लगेच परत आली, पुन्हा जेट्टीकडे गेली. आठवडाभर तिचं हेच चाललं होतं. घरात बसवत नव्हतं, आणि बाहेर जायला जागा नव्हती.

"पेट्रोल फुकट घालवते पोरगी," मोरू म्हणाला. "सोमवारी रुजू व्हायचंय ना कंपनीत? मग घिरट्या कसल्या?"

घिरट्या कसल्या ते मोरूला नीट ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. डोंगरापलीकडच्या रंगाच्या कंपनीत घरतांची शेतं गेली तेव्हा नामा अर्ध्या चड्डीत होता. जमिनीच्या बदल्यात घरटी एक परमनंट नोकरी, असं तेव्हा ठरलं. एकच. नामाचा बाप वाट बघत वर गेला. थोरला भाऊ हसुराम वाट बघता बघता वयातून बाद झाला. आणि आता, इतक्या वर्षांनी, हसुरामच्या प्राप्तीचं नाव लागलं होतं. लॅबमध्ये. दारात बस, कँटीन, दवाखाना, दिवाळीला बोनस. आणि नेमकं त्याच महिन्यात पोरीनं दुसरं एक काम मिळवलं, कुणाच्या दाखल्यावर नाही, स्वतःच्या डोक्यावर. एक संशोधन संस्था रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत खाडीकाठचे बांध पायी आणि होडीनं मोजत जाणार होती. कुठला बांध खचलाय, कुठं खांड पडून खारं पाणी भाताच्या शेतात शिरतंय, त्याचा नकाशा. मुदत अकरा महिने. बाराव्या महिन्यात राम राम.

"परमनंटच घेणार," मोरू म्हणाला. "येडी हाय का ती?"

"न्हाय घेणार," नामा लादीवरूनच म्हणाला. "लहानपणी भरती आली की हीच पोरगी बापाच्या मागं चिखलाची पाटी घेऊन बांधावर पळायची. तिला लॅबमध्ये बाटल्या हलवत बसायला लावशील?"

"लाव पैज."

"लाव."

आता हरणाऱ्यानं करायचं काय, यावर दोघांनी बराच विचार केला. गावजेवण महाग पडलं असतं. मिशी उतरवायची, तर मोरूला मिशीच नव्हती. शेवटी नामाचंच डोकं चाललं. "हरणारा रविवारी नागावच्या समुद्रावर मुंडावळ्या बांधून बनाना बोटीवर बसंल. पाहुण्यांनी बीच भरलेला असताना. नवरदेव म्हणून."

मोरू इतका हसला की बर्फाचा टोचा हातातून पडला. मग डोळे पुसून म्हणाला, "पण एक अट. पोरीच्या कानात कुणी फुंकायचं न्हाय. तिला वळवायला जो एक शब्द बोलंल तो हरला. मग ती काय पण घेऊ दे."

"मान्य."

गाळ्याच्या कोपऱ्यात जाड्या मिठाचं पोतं होतं. दोघांनी त्यात मनगटापर्यंत हात घातले. खारेपाटातली माणसं ही. यांच्या आज्या-पणज्या मिठागरात राबल्या. देवाची शपथ इथला माणूस एकवेळ मोडेल, नारळ देऊन माफी मागेल. मिठावर हात ठेवून बोललेलं मोडत नाहीत.

चहा आला. नामा उठला, पण लेंगा लादीला चिकटला होता. तो सुटताना जो आवाज झाला त्यावर मिनिडोरमधल्या बायांना अलिबागपर्यंत हसायला पुरलं. आणि अलिबागच्या बाजारात त्यांनी माशांबरोबर ती पैजही विकली.

*

शनिवारी दिवस कलता कलता हसुरामच्या वालाच्या शेतात पोपटी होती, मडक्यात भाजलेल्या शेंगांची. दरवर्षी असायची. शेंगा भरल्या की दोन्ही घरं एकत्र यायची, मडकं लागायचं, आणि वर्षभराचे रुसवे त्यात शिजून जायचे. गणपतीत कोकिळा आणि जनीचं मखरावरून झालेलं भांडण अजून निवळायचं होतं, तेही आज निवळेल असा नामाचा अंदाज होता.

तो शेतात पोचला तेव्हा जनीनं, हसुरामच्या बायकोनं, त्याच्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या उचलून दुसरीकडे ठेवला.

"वयनी, तहान लागली गो."

"मोरूकडं बर्फ हाय, तो चघळ."

नामानं कोकिळेकडे बघितलं. ती शेंगा धुवत होती आणि चक्क गुणगुणत होती. कोकिळा गुणगुणली की नामा खिसा चाचपायचा. लग्नानंतर ती दोनदाच गुणगुणली होती आणि दोन्ही वेळा त्याला नवीन काहीतरी विकत घ्यावं लागलं होतं.

हसुराम उकिडवा बसून मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरत होता. उग्र, हिरवा वास सुटला होता. पोपटी लावायची ती हसुरामनंच. पाला किती, शेंगा किती, अंडी कुठल्या थरात, त्याला सांगायला लागत नसे. तो बोलत नव्हता, पण तसा तो कधीच बोलत नसे. म्हणून नामा त्याच्याजवळ जाऊन बसला.

"दादूस, यंदा शेंग भरली चांगली."

हसुरामनं पाला दाबला. "पैज काय लावलीस?"

"ती होय! अरे ती मोरूची गंमत..."

"प्राप्ती नोकरी सोडणार, अशी लावलीस."

"व्हय, पण..."

"सोडली तर नाव कुणाचं लागतं?"

खरं सांगायचं तर हे नामाच्या डोक्यात आलंच नव्हतं. रुजू होण्याआधी, घरातल्यांच्या सह्या घेऊन, दुसऱ्याचं नाव लावता येतं, एकदाच. आणि घरात दुसरं होतं कोण? त्याचा स्वतःचा मितेश. नागावला सीझनमध्ये बनाना बोट ओढायचा, पावसाळ्यात घरी बसून मोबाईल ओढायचा. गावानं दोन अधिक दोन केव्हाच केले होते. अलिबागच्या बाजारात तर पाच केले होते.

"दादूस, तुझी आण, माझ्या मनात..."

"याच्या मनात काय असणार?" जनी मागून म्हणाली. "याच्या मनात कायम गंमतच. बारशात गंमत, मयतात गंमत. पण यावेळी गंमत बरोबर पोराच्या ताटात पडते, न्हाय का? आमच्या सासऱ्याची जमीन गेली, तिच्या बदल्यात एक खुर्ची आली. ती माझ्या पोरीच्या नावानं आली. आता काका मिठात हात घालून सांगतो, ती सोडणार म्हणून. साऱ्या गावाला वाटतंय, तूच तिला भरवलंस."

"मला कोणी भरवलं नाही, आई," प्राप्ती म्हणाली. ती शेताच्या बांधावर उभी होती, चप्पल हातात, खाडीकडे बघत. बसत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती.

"तू गप बस."

"मी म्हणते, पोरीच्या मनाविरुद्ध नको," कोकिळा हळूच म्हणाली. आवाजात इतकं तूप होतं की नामा घसरलाच असता. "आवडीचं काम करावं माणसानं. बांध मोजणं किती छान. मोकळी हवा."

जनी गर्रकन वळली. "कोकिळे, पावसात बांधावर चाललीस कधी? तुला चिखल लागला की तू न्हाणीत तासभर बसतेस. तुला आज मोकळी हवा सुचली?"

"मी पोरीचं भलं बघते."

"कुठल्या पोरीचं? श्रीवर्धनच्या?"

इथं मितेशची मान खाली गेली. श्रीवर्धनची पोरगी म्हणजे प्रणाली. नागावला मैत्रिणींबरोबर आली, बनानावरून पाण्यात पडली, मितेशनं वर काढली, आणि तेव्हापासून मितेश बुडालेला होता. प्रणालीच्या बापाची सुपारीची वाडी. माणूस सभ्य, चहापोहे झाले, सगळं झालं. उठताना एवढंच म्हणाला, मुलगा चांगला आहे, पण सहा महिन्यांचा आहे.

"मितेश," हसुराम म्हणाला, "तू बोल. तुला पायजे का?"

मितेशनं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, शेवटी प्राप्तीकडे बघितलं. दोघं एकाच अंगणात वाढलेली. त्याला खोटं बोलता आलं असतं, पण जमलं नाही. "पाहिजे, मोठे बाबा," तो म्हणाला. "ताईनं घेतली तर मी काही बोलणार नाही. आईशपथ. पण ती सोडणार असेल, तर मला पाहिजे."

"बघ!" जनी म्हणाली. एकच शब्द, पण तो तिनं नामाच्या छातीवर ठेवल्यासारखा ठेवला.

नामा घरतनं आयुष्यभर लोकांना उल्लू बनवलं होतं. पंचायतीच्या पाट्या रातोरात बदलल्या होत्या, एका पुढाऱ्याच्या स्वागताला लग्नाचा बेंजो उभा केला होता. लोक शिव्या द्यायचे आणि हसायचे. पण चोर कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता हसुराम, ज्यानं त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो मडक्यात शेंगा भरत होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता. नामाला बसवेना. उठला, परत बसला, परत उठला. पायाला मुंग्या चावल्यासारखं झालं.

शेंगांच्या पाटीशेजारी पानावर मीठ ठेवलेलं होतं, पोपटीत घालायचं. नामानं ते सगळं मुठीत घेतलं.

"ऐका सगळे!" तो ओरडला. इतक्या जोरात, की पलीकडच्या शेतातून मोरूसुद्धा कुंपण ओलांडून आला. "ह्या मिठावर सांगतो. प्राप्तीनं नोकरी घेतली तर घेतली. सोडली, तर माझ्या पोराचं नाव तिथं लागणार न्हाय. मी सही देणार न्हाय. झालं? आता म्हणा मला चोर."

वारा खाडीवरून आला आणि पेंढ्याच्या काड्या उडवून गेला.

नामाला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. छाती फुगवून त्यानं हसुरामकडे बघितलं, आता हा उठून मिठी मारणार अशा थाटात.

हसुरामनं मडक्यात हात घातला, थांबला. "मीठ?"

सगळ्यांनी नामाच्या मुठीकडे बघितलं. शपथेचं मीठ जेवणात घालत नाहीत. आणि दुसरं मीठ आणलेलं नव्हतं.

"घरून आणते," जनी म्हणाली.

"नको," हसुराम म्हणाला. "लावा बिनमिठाची. आज तशीच होऊ दे." त्यानं मडक्याच्या तोंडात भांबुर्डा कोंबला, मडकं उपडं केलं, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचल्या आणि काडी ओढली.

*

जाळ धरल्यावर प्राप्ती बांधावरून खाली आली. सरळ नामासमोर.

"काका, तू काय केलंस कळतंय का तुला?"

"तुझ्या बापापुढं हात धुतले बाय."

"हात धुतलेस. आणि माझे बांधलेस." तिनं हातातली चप्पल जमिनीवर आपटली. "मितेशला ती खुर्ची मिळणार होती, म्हणून मी जाऊ शकत होते. मी सोडली तरी घरात राहिली असती. आजोबांची जमीन फुकट गेली नसती. आठवडाभर मी हाच हिशेब घालत होते रे, स्कूटीवर फिरत! कालच मितेशला विचारणार होते. आणि तू आज मूठ भरून सगळं मीठ त्यावर ओतलंस. आता मी गेले, तर खुर्ची जाते. माझ्यामुळे. सांग, आता मी जाऊ कशी?"

नामानं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून विनोद आला नाही.

"म्हणजे तू जाणारच होतीस?" जनीनं विचारलं.

"मला नाही माहीत, आई! जायचं होतं. अकरा महिन्यांनी काय करणार, तेही माहीत नाही. रात्री वाटतं जावं, सकाळी बसचा हॉर्न ऐकला की वाटतं घ्यावी गपचूप. पण निदान दोन्ही दारं उघडी होती."

कोकिळा आता गुणगुणत नव्हती. ती नामाकडे अशी बघत होती की त्याला जाळाची ऊब कमी वाटली. "माझ्या पोराचं लगीन मोडलंस," ती म्हणाली. "कुणी मागितली होती रे तुझी शपथ?"

आणि मग नवलच झालं. जनी कोकिळेशेजारी जाऊन बसली. गणपतीपासून जिच्याशी बोलत नव्हती, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "याला लहानपणापासून अक्कल न्हाय. सासूबाई सांगायच्या, बांधाच्या उघाडीच्या, पाणी अडवायच्या, फळ्या काढून मासे धरायला गेला आणि आख्ख्या गावाचं शेत खारं केलं."

"ते मोरूनं केलं होतं," नामा म्हणाला.

"दोघांनी," दोघी एकदम म्हणाल्या.

मखराचं भांडण मिटलं. नामाच्या अंगावरून मिटलं, एवढंच.

हसुराम पाण्याचा तांब्या घेऊन मडक्याजवळ गेला. बोटांनी थेंब उडवले. चर्र झालं आणि थेंब क्षणात उडून गेले. झाली. त्यानं काठीनं मडकं ओढलं, पाल्यावर ओतलं. वाफ, भांबुर्डा, भाजलेल्या वालाचा वास. सगळे गोल बसले. नामा एका हातानं खात होता, कारण दुसऱ्या मुठीत मीठ होतं. टाकायचं कुठं, ते त्याला कळत नव्हतं.

मोरूनं पहिली शेंग तोंडात घातली. चावला. थांबला. "अळणी," तो म्हणाला. खात्री करायला त्यानं आणखी एक खाल्ली. "लई अळणी."

"तू आलास कशाला रं?" नामा खेकसला.

"निकाल द्यायला." मोरूनं शेंगेची साल बाजूला टाकली, मांडी घातली. पंचायतीत बसल्यासारखा. "नामा, आपली अट काय होती? पोरीला वळवायला जो तोंड उघडंल तो हरला. तू उघडलंस. नुसतं उघडलं न्हाय, मीठ घेऊन उघडलंस. तिची वाटच अडवलीस. मग हरला कोण?"

"अरे, इथं घर जळतंय आणि तुला पैज सुचते!"

"हरला कोण?"

नामानं मूठ पाठीमागं लपवली.

"आता दुसरी गोष्ट. ही मूठ." मोरूनं त्याच्या हाताकडे बोट केलं. "मिठावरचं मोडत न्हाईत. बरोबर. पण परत करतात. माझा आजा मिठागरात मुकादम होता. रागाच्या भरात कुणी भलतंच बोलला, तर तो सांगायचा, जा, ज्याचं मीठ त्याला देऊन ये, चार माणसांसमोर, लाज सोडून. समुद्रानं घेतलं की शब्द सुटला."

"हे तू आत्ता बनवलंस," जनी म्हणाली.

"न्हाय," हसुराम म्हणाला. सगळे वळले. "आमचा बा पण सांगायचा."

हसुरामचं आणि मोरूचं कधीच एकमत होत नसे. आज झालं. हसुराम राखेत काठी फिरवत राहिला. मग म्हणाला, "जमीन गेली तेव्हा बांधावरचे समदे गडी कंपनीच्या गेटवर नोकरी मागायला उभे राहिले. बांधाकडं बघायला कोण उरलं न्हाय. उरलेलं शेत खाडीनं खाल्लं. मी एकटा किती चिखल लावणार? प्राप्ती पाटी घेऊन यायची, तेवढीच." एवढं लांब बोलणं त्याच्या तोंडून निघालं म्हणून तोच दचकल्यासारखा झाला. "खुर्चीवर घरातलं कुणी पण बसू दे. बांधावर कोण जाणार, ते कुणी इचारलंच न्हाय."

हातातली शेंग जनीनं उगाचच सोलली आणि न खाता ठेवली.

"मग प्राप्ती," मोरू म्हणाला, "तू काय घेणार?"

"आधी काकाला हरू दे," ती म्हणाली. "मीठ परत जाऊ दे. त्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

*

रविवारी नागावचा समुद्रकिनारा नेहमीसारखा गच्च होता. उंट, घोडागाडी, शहाळी, पुण्यामुंबईची पोरं. आणि त्यात निम्मं गाव. मोरूनं बर्फाच्या टेम्पोतून लोक आणले होते, तेही फुकट.

नामा वाळूत उभा. अंगावर लग्नातला कोट, त्यावर भगभगीत नारिंगी लाइफ जॅकेट, खाली अर्धी चड्डी. डाव्या मुठीत कालचं मीठ, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. कोकिळेनं पर्समधून मुंडावळ्या काढल्या. कोऱ्या, मोत्यांच्या.

"या कुठून आल्या?"

"मितेशच्या लग्नाच्या. गेल्या महिन्यात आणून ठेवल्या." ती त्याच्या कपाळावर बांधायला लागली. इतक्या घट्ट, की त्याच्या भुवया वर गेल्या.

"सैल कर गो, डोकं फुटंल."

"फुटू दे. आत हाय काय?" पण गाठ मारून झाल्यावर तिनं एक पाऊल मागं घेऊन त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा ओठ वाकडा झाला. हसू आवरत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी याच ध्यानाला हिनं हार घातला होता.

"नवरदेव आला रे!" मोरूनं आरोळी ठोकली. कुठल्याशा पोरांच्या स्पीकरवर हळदीचं गाणं लागलं. पाहुण्यांनी मोबाईल वर केले. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "इकडे अशी पद्धत आहे का?" मोरू गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "व्हय ताई, दुसरेपणाच्या नवऱ्याला आधी धुवून घेतात."

नामा पिवळ्या रबरी केळ्यावर चढला, घसरला, पुन्हा चढला. लाज वाटायला हवी होती. लोक हसत होते, हे मात्र त्याला मनापासून आवडत होतं. काय करणार, जित्याची खोड.

पुढच्या बोटीवर मितेश. त्यानं मागं वळून बापाकडे बघितलं, अंगठा दाखवला आणि थ्रॉटल ओढलं.

केळं उसळलं. लाटेवरून लाटेवर. मुंडावळ्यांचे मोती नामाच्या डोळ्यांवर आपटत होते, आणि त्या मोत्यांच्या मधून त्याला पोराची पाठ दिसत होती. एक हात चाकावर, मान जराशी वाकडी, लाट यायच्या आधीच बोट वळवणारा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. प्राप्ती बांधावरच जाणार, याची नामाला अजून खात्री होती; म्हणजे हा पोरगा उद्या पाळीवर जाणार. दारात बस येणार. पत्र्याच्या छताखाली रंगाचे डबे. परमनंट. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं ते मिळणार होतं, आणि नामाला मात्र ते अळणी लागत होतं.

मितेशनं झटकन वळण घेतलं. केळं उलटलं. नामा पाण्यात.

पाण्याखाली त्यानं मूठ उघडली. पिशवीची गाठ दातानं तोडली, निम्मं मीठ त्याच्याच तोंडात गेलं, निम्मं समुद्रानं घेतलं. वर आला तेव्हा खोकत होता, कोट फुगला होता, एक मुंडावळी नाकावरून लोंबत होती. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या.

"गेलं?" मोरूनं पाण्याच्या कडेवरून विचारलं.

"गेलं!"

"हरलास?"

"हरलो रे हरलो! समद्या गावासमोर हरलो!"

मोरूनं दोन्ही हात वर करून नाच धरला. ज्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं, तेही नाचायला लागले.

प्राप्ती गुडघाभर पाण्यात आली, हात देऊन नामाला उभं केलं. मागं किनाऱ्यावर हसुराम आणि जनी उभी होती. जनीचं तोंड अजून वाकडंच होतं, पण हातात प्राप्तीचे नवे गमबूट होते. चिखलात चालायचे, गुडघ्यापर्यंत येणारे. ती ते उलटेसुलटे करून तळ तपासत होती, पोरगी घसरणार तर नाही ना, अशा नजरेनं.

नामानं ते बूट बघितले. मग पुतणीकडे बघितलं.

"उद्या मितेशबरोबर मीच जाणार कंपनीत. त्याचं नाव लावायला," ती हळू म्हणाली. "परवा मी निघते. अकरा महिन्यांनंतरचं अकरा महिन्यांनंतर." मग तिच्या डोळ्यांत घरतांचा जुना खट्याळपणा चमकला. "काका, म्हणजे खरं तर पैज तू जिंकली होतीस."

"श्शू!" नामानं पटकन किनाऱ्याकडे बघितलं. मोरू टेम्पोच्या टपावर चढून नाचत होता. "गप बस. त्याला आयुष्यात पहिल्यांदा जिंकू दे."

मितेशनं बोट वळवून जवळ आणली होती. इंजिन हळू चालू, तो पुढं वाकून वाट बघत होता. "पप्पा, झालं ना? काढू बाहेर?"

नामानं नाकावरची मुंडावळी मागं सारली, कोट पिळला आणि केळ्यावर परत टांग टाकली.

"झालं कसलं? अजून एक फेरी मार," तो म्हणाला. "आणि वळण जोरात घे."